छापील जर्नल्स बंद करण्याआधी: वर्गणी कशाची भरतो आणि कपाटात काय उरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा. नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालांना प्राचार्य सांगतात, "आता सगळं ऑनलाइन मिळतं. छापील जर्नल्स बंद करा, जुने बांधीव खंड रद्दीत काढा, चार कपाटं मोकळी होतील." लेखापरीक्षक विचारतात, "एकही अंक आलेला नसताना वर्षभराचे पैसे दिलेच कसे?" ग्रंथपालांना हवं आहे ते एवढंच, की यातलं कुणाचं किती ऐकायचं.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. घोटाळा होतो तो जर्नलची वर्गणी ही पुस्तकासारखीच खरेदी समजल्यामुळे. छापील अंकाची वर्गणी ही अजून न छापलेल्या मालाची आगाऊ किंमत असते; अंक हातात पडला की तो कायमचा कॉलेजचा. ऑनलाइन वर्गणी बहुतेक वेळा भाडं असते. भाडं थांबलं की दार बंद, आणि दहा वर्षं भाडं भरलं म्हणून खोली आपल्या नावावर होत नाही. आपल्याकडे दोन्ही खर्च "नियतकालिके" या एकाच शीर्षाखाली पडतात, त्यामुळे वर्षअखेरीस कुणालाच कळत नाही की आपण काय विकत घेतलं आणि काय भाड्याने वापरलं. म्हणून पहिलं काम म्हणजे वर्गणीच्या यादीत एक रकाना वाढवणं: "वर्गणी थांबल्यावर काय उरतं?" पुढचे बहुतेक निर्णय त्या रकान्यातून आपोआप निघतात.

आधी पैशाचं बघू, कारण लेखापरीक्षक दारात उभे असतात.

जर्नल्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि कॉलेजचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. ही दोन वर्षं जुळत नाहीत, तिथून कटकट सुरू होते. समजा एका जर्नलची २०२६ ची वर्गणी १२,००० रुपये आहे आणि पैसे डिसेंबर २०२५ मध्ये दिले. त्यातले जानेवारी ते मार्चचे ३,००० रुपये २०२५-२६ चा खर्च, उरलेले ९,००० हे ३१ मार्चला आगाऊ दिलेली रक्कम. हिशोबनीसांना हे असं फोडून दिलं तर निम्मे आक्षेप उठतच नाहीत. उरलेल्यांसाठी ग्रंथालय समितीचा ठराव लागतो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम १७२ सांगतो, की माल किंवा सेवा मिळाल्याखेरीज एरवी पैसे देऊ नयेत, आणि खासगी पुरवठादाराला आगाऊ द्यायचेच तर ३० टक्क्यांपर्यंत. अनुदानित कॉलेजला तो नियम थेट लागू नसला तरी लेखापरीक्षकांच्या डोक्यात तोच असतो. म्हणून ठरावात सरळ लिहावं: "नियतकालिकांची वर्गणी व्यवसायाच्या प्रथेनुसार पूर्ण आगाऊ भरावी लागते, सोबतच्या यादीतील नियतकालिकांसाठी तशी मान्यता देण्यात येत आहे." यादीला नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), खंड क्रमांक, वर्ष आणि रक्कम हवी. नुसतं "जर्नल्स, एकूण २२" असं लिहिलेला ठराव काही कामाचा नाही.

वेळापत्रक उलटं मोजावं. जानेवारीचा अंक वेळेवर यायला हवा तर पैसे डिसेंबरच्या मध्यापर्यंत प्रकाशकाकडे पोचले पाहिजेत. म्हणजे मागणीपत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला, समितीची बैठक सप्टेंबरमध्ये, आणि विभागप्रमुखांकडून "हे चालू ठेवा, हे बंद करा" असं लेखी घेणं जुलै-ऑगस्टमध्ये. मार्चअखेरीस निधी संपवायचा म्हणून घाईने भरलेली वर्गणी हमखास अडते. जानेवारी-फेब्रुवारीचे अंक तोवर शिल्लक नसतात, प्रकाशक खंड एप्रिलपासून लावतो, आणि तुमचा बांधीव खंड जन्मतःच लंगडा होतो.

पैसे थेट प्रकाशकाला द्यावेत की एजंटमार्फत, हे यादीवर अवलंबून आहे. परदेशी जर्नल दोन-चार असली तरी एजंट बरा. रुपयात बिल मिळतं, परदेशी रक्कम पाठवताना लागणारे चार्टर्ड अकाउंटंटचे दाखले टळतात, न आलेल्या अंकांचा पाठपुरावा तो करतो. मात्र मागणीपत्रात विनिमय दर कुठला ते लिहावंच: बिलाच्या तारखेचा बँकेचा टीटी सेलिंग दर (बँक ज्या दराने परकीय चलन विकते तो), की गुड ऑफिसेस कमिटी या पुस्तक व्यावसायिकांच्या समितीचा दर. हे न लिहिल्यामुळे होणारे वाद फार कंटाळवाणे असतात. बिलासोबत प्रकाशकाच्या किंमतपत्रकाची प्रत घ्या. देयक दिल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत एजंटने प्रकाशकाला पैसे पोचवल्याचा पुरावा द्यावा, आणि न निघालेल्या अंकांची रक्कम त्या प्रमाणात परत करावी, असं हमीपत्र घ्या. हा अतिसावधपणा वाटेल, पण स्वेट्स ही युरोपातली जुनी, बडी एजन्सी सप्टेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा पुढच्या वर्षाचे पैसे भरून बसलेली ग्रंथालयं अडकली. त्याच्या साधारण बारा वर्षं आधी अमेरिकेत रोकॉम ही अशीच एजन्सी बुडाली, तेव्हाही हेच झालं होतं. एजंट जितका मोठा तितका भरवशाचा, असं काही नसतं.

भारतीय आणि विशेषतः मराठी नियतकालिकांसाठी एजंटची गरज नाही. थेट एनईएफटी करा, पण पावती मागून घ्या. छोट्या संपादक मंडळांकडून ती आठवण दिल्याशिवाय येत नाही. दोन सापळे मात्र टाळा. पहिला, प्राध्यापकांच्या नावाने वैयक्तिक दराची वर्गणी भरून अंक ग्रंथालयात ठेवणं. संस्थेचा दर वेगळा असतो, ते अटींचं उल्लंघन होतं, आणि पावती कॉलेजच्या नावाची नसल्याने पैसेही अडकतात. दुसरा सापळा आजीव वर्गणीचा. "आजीव" म्हणजे कुणाच्या जिवात जीव असेपर्यंत, हे बारीक अक्षरात असतं. काही ठिकाणी ते पंधरा वर्षं निघतं. नियतकालिक बंद पडलं तर विषयच संपला. त्रैवार्षिक किंवा पंचवार्षिक वर्गणी पुरे.

जीएसटीचं एक सांगून ठेवतो, कारण बिलं डोळे झाकून मंजूर होतात. छापील नियतकालिकांवर जीएसटी नाही. ऑनलाइन शैक्षणिक जर्नल्सनाही, घेणारी संस्था मान्यताप्राप्त पदवी देणारी उच्च शिक्षण संस्था असेल तर, जानेवारी २०१८ पासून सूट आहे. डेटाबेस, सॉफ्टवेअर, सदस्यत्व शुल्क यांना ती सूट आपोआप मिळत नाही, तिथे १८ टक्के लागतात. एजंटने सगळं एका बिलात घालून सरसकट १८ टक्के लावले असतील तर बिल परत पाठवून ओळी वेगळ्या करून मागा.

पैसे गेले, आता अंक येतात की नाही ते बघायचं. कार्डेक्स (अंकांच्या नोंदीची कार्डं) असो, की सोल, कोहा यांसारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, तत्त्व एकच: अंक आला त्याच दिवशी नोंद. "शनिवारी एकदम करू" म्हटलं की दोन महिन्यांचा ढीग साचतो आणि कुठला अंक आलाच नाही ते कळेपर्यंत मागणी करायची मुदत टळलेली असते. परदेशी प्रकाशक साधारण ६० ते ९० दिवसांत केलेली तक्रारच मानतात. मराठी नियतकालिकांत उलटी गंमत. तिथे जानेवारी-मार्चचा अंक ऑगस्टमध्ये येऊ शकतो, त्यामुळे घाईने स्मरणपत्र पाठवण्यात अर्थ नसतो. दोन अंकांचा एक जोडअंक निघतो आणि कार्डेक्सवर एक घर रिकामं दिसतं. दिवाळी अंकाला कधी क्रमांक असतो, कधी नसतो. रिकाम्या घरात "जोडअंक, पाहा क्र. ५-६" असं लिहून ठेवा, नाहीतर तुमच्या जागी पुढे येणारी व्यक्ती न छापलेल्या अंकासाठी वर्षभर पत्रं लिहीत बसेल.

आता ऑनलाइनकडे.

अनुदानित कॉलेजला सर्वांत स्वस्त पडते ती एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-केंद्राची ही ई-जर्नल्सची योजना २०१० च्या सुमारास सुरू झाली, आणि पात्र कॉलेजांसाठी तिचं वार्षिक शुल्क वर्षानुवर्षे ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये राहिलं. हजारो ई-जर्नल्स या भावात म्हणजे जवळपास फुकटच. दुसरी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केलेली ही योजना १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. प्राचार्य बहुधा हिच्याचबद्दल बोलत असावेत. इथे दोन गोष्टी तपासा. तुमच्या कॉलेजचं नाव पात्र संस्थांच्या यादीत आहे का, हे पोर्टलवर बघा. "सरकारी" या शब्दात प्रत्येक अनुदानित कॉलेज बसेलच असं गृहीत धरू नका. आणि करार तीन वर्षांचा आहे. १९७८ पासूनचे बांधीव खंड तीन वर्षांच्या कराराच्या जोरावर रद्दीत घालणं म्हणजे एसटी सुरू झाली म्हणून घरची सायकल भंगारात देणं.

या दोन्ही योजना वापरा, जोरात वापरा. पण वापर आपोआप होत नाही. विद्यार्थ्यांची खाती कॉलेजने तयार करायची असतात, बाहेर पडलेल्यांची काढायची असतात, आणि पासवर्ड सूचनाफलकावर लावायचा नसतो. एखाद्याने सॉफ्टवेअर लावून रात्रीत शेकडो लेख उतरवले तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजची वाट बंद करतो. आयपी पत्त्यावर चालणाऱ्या वर्गण्यांत आणखी एक अडचण येते. साध्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो आणि "काल चालत होतं, आज चालत नाही" सुरू होतं. तिथे स्थिर आयपी घ्या किंवा इन्फेडसारख्या खाते-आधारित प्रवेशाचा आग्रह धरा.

कॉलेज स्वतःच्या पैशाने एखादं ई-जर्नल घेत असेल तर करारात तीन ओळी शोधा. पहिली, वर्गणी थांबल्यावर ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक पाहता येतील का. दुसरी, जर्नल दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं तर तो हक्क टिकतो का. तिसरी, प्रकाशकाने त्याचं बाहेर कुठे जतन केलं आहे का. पहिल्या ओळीचं उत्तर "नाही" असेल आणि तुमच्याकडे तेच जर्नल छापील येत असेल, तर छापील बंद करण्याआधी दोनदा विचार करा. तिसऱ्या ओळीसाठी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहायचं कारण नाही. आयएसएसएनचं आंतरराष्ट्रीय केंद्र कीपर्स रजिस्ट्री नावाची मोफत सूची चालवतं. आयएसएसएन टाका, कुठल्या खंडाचं जतन पोर्टिको, क्लॉक्स यांपैकी कुणाकडे आहे ते दिसतं. ही जतनकेंद्रं एरवी कुलूपबंद असतात. जर्नल बाजारातून नाहीसं झालं की उघडतात. सेजचं 'ग्राफ्ट' हे प्रत्यारोपणावरचं जर्नल बंद पडल्यावर क्लॉक्सने २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हा ही व्यवस्था खरंच चालते हे दिसलं.

मग कुठलं छापील बंद करावं? वापर बघून. समजा वर्षाला १८,००० रुपये वर्गणी आहे आणि वर्षभरात ४० वेळा कुणीतरी तो अंक किंवा लेख उघडला, म्हणजे एका वापराला ४५० रुपये. चार वेळाच उघडला तर ४,५०० रुपये. त्यापेक्षा एकेक लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवणं स्वस्त. ई-जर्नलचा आकडा प्रकाशकाच्या काउंटर अहवालात (ऑनलाइन वापर मोजणाऱ्या ठरावीक नमुन्याच्या अहवालात) मिळतो. छापील अंकाचा आकडा टेबलावरून उचलून परत ठेवताना अंकाच्या मागच्या कोऱ्या चिठ्ठीवर एक रेघ ओढून मिळतो. वर्षभर रेघा ओढा, मग समितीत बोला.

एवढ्यावरून सध्याच्या वर्गणीचं ठरवता येईल. परदेशी विज्ञान जर्नल्सची छापील वर्गणी, ऑनलाइन खात्रीने मिळत असेल तर, बंद करायला हरकत नाही. तिथे प्राचार्य बरोबर आहेत. कपाटांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जास्त नाजूक आहे.

रद्दीची यादी करताना प्रत्येक नावापुढे विचारा: हे जुने खंड ऑनलाइन कुठल्या वर्षापासून मिळतात? "उपलब्ध" या शब्दात बहुतेकदा अलीकडची वीस-पंचवीस वर्षंच असतात. जेस्टोर या जुन्या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहात उलट आहे: जुनं सगळं, पण ताजी तीन ते पाच वर्षं बऱ्याचदा नाहीत. मग इंडकॅट या संयुक्त सूचीत बघा, जवळच्या कुठल्या विद्यापीठाकडे तो संच आहे. दोन्हीकडून खात्री झाली तरच निर्लेखन, म्हणजे खंड नोंदीतून रीतसर काढणं. तेही समितीचा ठराव, दाखल क्रमांकांसह यादी, व्यवस्थापनाची मंजुरी, दाखल नोंदवहीत तांबड्या शाईने शेरा, आणि रद्दीवाल्याआधी विद्यापीठाला व शेजारच्या कॉलेजांना विचारणारं एक पत्र, या क्रमाने.

आणि त्या यादीत मराठी नियतकालिक एकही नको. 'नवभारत', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'युगवाणी', 'प्रतिष्ठान', 'अस्मितादर्श', 'भाषा आणि जीवन' यांची नावं त्या १३,००० जर्नल्सच्या गर्दीत शोधत बसू नका. त्यांचे आयएसएसएन कीपर्स रजिस्ट्रीत टाकून बघा, बहुधा रिकामा निकाल येईल. मराठी विषयाच्या संशोधकाला १९७०-८० च्या दशकातला एखादा वाद मुळातून वाचायचा असेल तर तो कुठल्याशा कॉलेजच्या बांधीव खंडातच सापडतो, आणि ते कॉलेज तुमचंही असू शकतं. ३०,००० रुपयांची एक परदेशी वर्गणी बंद केली तर त्यात बऱ्याच मराठी नियतकालिकांची पंचवार्षिक वर्गणी बसते. माझं मत विचाराल तर वाचलेले पैसे तिथे घाला आणि बांधणीवर घाला.

बांधणी हा प्रकार स्वस्तातल्या निविदेवर सोडू नये. बाइंडरला खंड देण्याआधी अंक क्रमाने लावून पानं तपासा. वर्षाची सूची शेवटच्या अंकात येते. ती खंडाच्या सुरुवातीला लावायला सांगा. मुखपृष्ठं आणि जाहिराती काढू देऊ नका, अंकाची तारीख अनेकदा फक्त मुखपृष्ठावरच असते. खंडाची जाडी चार सेंटिमीटरच्या आत ठेवा; त्याहून जाड झाला की मधली पानं उघडत नाहीत आणि झेरॉक्सवाला पाठ मोडतो. कडेने आरपार टाके मारण्याऐवजी फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) शिवून घ्या. कटिंग मशीनवर कडा दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त कापायच्या नाहीत असं मागणीपत्रातच लिहा. छोट्या मासिकांचा समास आधीच बोटभर असतो, त्यात अक्षरं उडतात. पाठीवर नाव, खंड, वर्ष, अंक आणि दाखल क्रमांक. एखादा अंक नसेल तर त्या जागी रंगीत कागद घालून "अंक ७ उपलब्ध नाही" लिहा. पहिल्या खेपेला दहाच खंड द्या, आलेले काम बघा, मग बाकीचे.

न मिळालेला अंक आधी संपादकांकडे मागा. शिल्लक गठ्ठ्यात तो बऱ्याचदा असतो. नसेल तर मुंबईच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकांनी प्रत पाठवायची असलेल्या देशातल्या चार ग्रंथालयांपैकी ते एक आहे. तिथून त्या पानांची प्रत घेऊन रंगीत कागदाच्या जागी लावता येते.

कपाटं खरोखरच भरली असतील आणि कागद तुकडे होत असेल, तर स्कॅनिंगचा विचार करा. प्रताधिकार कायद्याचं कलम ५२(१)(एन) बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ छापील प्रत जवळ असल्यास, जतनासाठी डिजिटल प्रत साठवू देतं. ती इंटरनेटवर सर्वांना खुली करणं यात बसत नाही. त्यासाठी संपादक-प्रकाशकांची लेखी परवानगी घ्या, छोटी मंडळं बहुधा आनंदाने देतात. देवनागरीतली बारीक टिपण्णी वाचता यावी म्हणून ४०० डीपीआय ठेवा, मूळ प्रत टिफमध्ये आणि वाचायची पीडीएफमध्ये. फाइलचं नाव "स्कॅन००१" नको. नियतकालिक, वर्ष, खंड, अंक असं असू दे. तीन प्रती करा, त्यातली एक कॉलेजच्या इमारतीबाहेर. आणि स्कॅन झाला म्हणून तो खंड रद्दीच्या यादीत जाणार नाही, हे त्याच ठरावात लिहून ठेवा, कारण पुढच्या प्राचार्यांनाही कपाटं मोकळी हवीच असणार.